'पोलीस कारवाई' : परक्या रक्षकाचा प्रश्न

१९४८ सालच्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांचे कामकाज पॅरिसमध्ये चालू असताना तेथे दोन कागद थोड्याच अंतराने पुढे आले. पहिला हैदराबाद संस्थानाच्या तक्रारीचा. भारत आपल्यावर आक्रमण करू पाहत आहे अशी ती तक्रार ऑगस्टमध्ये नोंदवली गेली होती. सुरक्षा परिषदेने ती १६ सप्टेंबरला चर्चेला घेतली तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाच्या सैन्याने शस्त्रे ठेवली. तक्रारकर्त्यानेच तक्रार मागे घेतली. दुसरा कागद मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. तो १० डिसेंबरला संमत झाला. त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात, पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे मंडळ पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून हैदराबाद संस्थानातील सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून कारवाईनंतर तेथे काय घडले याची चौकशी करीत होते. मंडळाने सादर केलेला अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील काही भाग १९८८ च्या सुमारास अभ्यासकांपर्यंत पोहोचला, आणि त्यावर व्यापक चर्चा व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

परकीय हस्तक्षेपाने एखाद्या संकटग्रस्त राष्ट्रातील मानवी हक्कांचे रक्षण होऊ शकते काय, हा प्रश्न मराठी विचारविश्वात आला तो बहुधा इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने. उदाहरणेही त्याच वाटेने आली: कोसोव्हो १९९९, इराक २००३, लिबिया २०११. या सर्व उदाहरणांत हस्तक्षेप करणारा पाश्चात्त्य असतो. त्यामुळे मराठी वाचकाला आपोआप एक सोयीचे स्थान मिळते: तो साम्राज्यवादाचा जुना भोक्ता आणि म्हणून सहज टीकाकार असतो. हैदराबादच्या उदाहरणात ही सोय नाही. येथे मराठी भाषक एकाच वेळी सोडवला गेलेलाही आहे आणि सोडवणाऱ्याचा नागरिकही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांच्या इतिहासात हस्तक्षेपाचा प्रश्न घरचा आहे. मराठीत तो 'हस्तक्षेपाचा प्रश्न' म्हणून फारसा मांडला गेला नाही, ही गोष्टच प्रथम विचारात घ्यायला हवी.

तो तसा मांडला न जाण्याचे एक कारण भाषेत आहे. सोलापूरहून नळदुर्गमार्गे चिलखती दल आत गेले, मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांनी १८ सप्टेंबरला जनरल अल इद्रूस यांची शरणागती स्वीकारली, त्यानंतर वर्षाहून अधिक काळ त्याच चौधुरींनी लष्करी राज्यपाल म्हणून कारभार पाहिला. आणि या सगळ्याला नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. लष्कराच्या दप्तरातील सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो' असे होते, ते लोकांच्या तोंडी कधी गेले नाही. 'पोलीस' हा शब्द मात्र रुजला, आणि तो निरागस नाही. पोलीस दुसऱ्याच्या देशात जात नाहीत. आपल्याच हद्दीत सुव्यवस्था राखतात. सार्वभौमत्वाचा वाद ज्या शब्दाने सोडवायचा, तो वाद मुळी नव्हताच असे तोच शब्द आधी सांगून मोकळा होतो. ब्रिटिश अधिसत्ता संपुष्टात आल्यावर संस्थान स्वतंत्र झाले असा निजामाचा दावा होता. भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याच्याशी 'जैसे थे' करार केला होता, आणि करार दोन पक्षांत होत असतो. कायद्याच्या दृष्टीने हैदराबाद हे राज्य होते की नव्हते याची चर्चा आजही करता येईल. येथे महत्त्वाचे एवढेच, की हस्तक्षेपाला परकेपणा चिकटू नये म्हणून त्याला गृहखात्याचा पोशाख चढवण्यात आला. याच घटनेला मराठीत 'मुक्ती' म्हणतात, दिल्लीच्या दप्तरात 'विलीनीकरण' म्हणतात, आणि उर्दूत 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन. ही चार नावे एकाच आठवड्याची आहेत. त्यांतील कोणतेही घटनेचे तटस्थ वर्णन नव्हे.

तरीही नावांच्या चिकित्सेत रमून मूळ वस्तुस्थिती विसरणे हा समीक्षेचा एक जुना दोष आहे, तो टाळायला हवा. संस्थानात सभा भरवायची तर 'गश्ती निशान ५३' या हुकुमानुसार पूर्वपरवानगी लागे. स्टेट काँग्रेस १९३८ साली स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली. बहुसंख्य प्रजेच्या मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांना राज्यकारभारात आणि उच्च शिक्षणात स्थान नव्हते. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखाली रझाकार संघटना वाढली, आणि १९४८ साली तिचा हैदोस सरकारला आवरता येत नव्हता किंवा आवरायचा नव्हता. बिदर जिल्ह्यातील गोर्टा गावचे हत्याकांड त्याच वर्षीचे. 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला आणि मारेकऱ्यांनी त्याचा हातही तोडला. तो मुसलमान होता, हे या लढ्याला केवळ धार्मिक संघर्षाच्या चौकटीत बसवणाऱ्या दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. तेही रक्षणाचाच दावा करीत होते. मराठवाड्यात 'रझाकारी' हे पुढे जुलमाचे सामान्यनाम झाले आणि काळ मोजण्याचे एक मापही झाले: अमक्याचा जन्म रझाकारीतला, तमके घर रझाकारीत जळाले.

१३ सप्टेंबरला सुरू झालेल्या कारवाईने हा हैदोस पाच दिवसांत थांबला. ती झाली नसती तर तो किती काळ चालला असता, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्यांची घरे त्या महिन्यांत वाचली त्यांच्यापुढे सार्वभौमत्वाच्या अनुल्लंघनीयतेचे तत्त्व मांडणे, हा तत्त्वज्ञानाचा उद्धटपणाच ठरेल.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली हस्तक्षेप न करण्याविषयी जो निबंध लिहिला, त्यातील मुख्य युक्तिवाद असा की स्वातंत्र्य बाहेरून आणून देता येत नाही. ज्यांनी ते स्वतः झगडून मिळवलेले नाही, त्यांना ते टिकवताही येत नाही. (तथाकथित असंस्कृत समाजांना हा नियम लागू नाही, अशीही पुस्ती त्याने जोडली, आणि ईस्ट इंडिया कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तसे म्हणणे जड गेले नाही.) मिलची कसोटी हैदराबादला लावली तर हस्तक्षेप तीत उत्तीर्ण होतो असे प्रथमदर्शनी वाटते. लढा होताच. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, सीमेवर स्टेट काँग्रेसची शिबिरे होती, जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेवरील धाडीतून आंदोलनासाठी पैसा उभा केला गेला होता. पण जरा थांबून पाहिले तर कसोटीतच एक फट दिसते. संस्थानात लढा एक नव्हता. तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालू होता, त्याचा रोख वेठबिगार आणि देशमुखी यांच्यावर होता. रझाकारांविरुद्ध लढलेल्या या शेतकऱ्यांवरच सप्टेंबरनंतर तीच फौज वळली. तो उठाव १९५१ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे 'लोक स्वतः लढत आहेत' ही अट पुरी झाली खरी, परंतु लढणाऱ्यांपैकी लोक कोण आणि बंडखोर कोण, हे ठरवण्याचा अधिकार हस्तक्षेप करणाऱ्याने सोबत आणला होता. मिलला ही अडचण दिसली नाही, कारण त्याच्या कल्पनेतला लोकसमूह एकजीव होता.

येथे पुण्याजवळचे, प्रमाणाने कितीतरी लहान असलेले एक उदाहरण उपयोगी पडेल. पुण्याहून भूगाव, पिरंगुट, पौड असा जो रस्ता मुळशी खोऱ्यात उतरतो, त्या खोऱ्यातील गावे टाटा कंपनीच्या धरणाखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. मावळ्यांच्या मदतीला पुणे धावले, असे त्याचे रूढ कथन आहे. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातून हे कथन बरेच गुंतागुंतीचे होते. खोऱ्यातल्या जमिनीत पुण्याच्या सावकारांचे हितसंबंध होते, मोबदल्याच्या प्रश्नावर धनकोचे आणि कुळाचे हित एक नव्हते, आणि बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांचेही आपसांत एकमत नव्हते. जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवरून आलेला साहाय्यकर्ता जर ज्यांच्यासाठी आला त्यांच्याहून वेगळा असू शकतो, तर परकेपणा हा पासपोर्टचा विषय उरत नाही. परका तो, ज्याला परिणाम भोगावे लागत नाहीत आणि तरीही निर्णय ज्याच्या हाती असतो. या अर्थाने दिल्ली औरंगाबादला परकी होती की नव्हती, याचे उत्तर नकाशात सापडणार नाही. बापटांपुरते सांगायचे तर ते १९५५ मध्ये, पंचाहत्तरी गाठलेली असताना, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातही गेले. निःशस्त्र माणूस सीमा ओलांडतो तेव्हा तो परिणामातला आपला वाटा अंगावर घेऊन जातो. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पोर्तुगीज गोळ्यांनी सत्याग्रही मेले ते याच नात्याने. डिसेंबर १९६१ मध्ये गेलेल्या फौजेचे नाते वेगळे होते. तिच्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत आलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. हा प्रसंग स्वतंत्र विवेचनाचा आहे.

सप्टेंबर १९४८ नंतर काय झाले? सुंदरलाल मंडळाचा अंदाज असा, की कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. मरणारे बहुतांशी मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे येतात, म्हणजे चारांपैकी दोन आजच्या महाराष्ट्रातली. हिंसा मुख्यतः स्थानिक लोकांनी आणि बाहेरून आलेल्या टोळ्यांनी केली. काही ठिकाणी लष्कर आणि पोलीस यांतील माणसेही लुटीत व अत्याचारात सामील होती, असे मंडळाने नोंदवले. रझाकारांच्या आधीच्या अत्याचारांकडे त्याने डोळेझाक केली नव्हती. गृह आणि संस्थान खात्याचे मंत्री वल्लभभाई पटेल यांना मात्र हे निष्कर्ष मान्य नव्हते. आकड्यांबद्दल वाद होऊ शकतो, आणि अशा आकड्यांबद्दल तो नेहमीच होतो. पण अंदाजाची खालची मर्यादा निम्म्यावर आणली तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही.

येथे एक बचाव पुढे येतो आणि तो दुर्बळ नाही. सूडाची हिंसा गावकऱ्यांनी केली, फौजेने नव्हे. फौजेचा हेतू हक्करक्षणाचाच होता. आणि हेतू व अनपेक्षित परिणाम यांत नीतिशास्त्र नेहमी फरक करते. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये 'न्याय्य आणि अन्याय्य युद्धां'विषयी लिहिताना १९७१ च्या भारतीय हस्तक्षेपाचे जे समर्थन केले, त्याचा भरही काहीसा असाच आहे: हेतू संमिश्र असले तरी चालतील, पीडितांच्या हेतूशी ते जुळले आणि सैन्य लवकर परतले, म्हणजे पुरे. बांगलादेशातून ते मार्च १९७२ पर्यंत परतलेही. हैदराबादमध्ये परतण्याचा प्रश्नच नव्हता, आणि हाच दोन प्रसंगांतील निर्णायक फरक आहे. जो परत जाणार आहे, त्याला मागे राहिलेल्या सूडाबद्दल 'ते त्यांचे अंतर्गत प्रकरण' असे म्हणण्याची पळवाट तरी असते. पूर्व बंगालमधील उर्दूभाषक 'बिहारी' लोकांवर डिसेंबर १९७१ नंतर जे ओढवले, ढाक्यातील जीनिव्हा कॅम्पमध्ये त्यांच्या ज्या पिढ्या वाढल्या, त्याची जबाबदारी ढकलायला भारताला दुसरे एक सार्वभौम राज्य उपलब्ध होते. (तेथेही शत्रूच्या हस्तकांचे नाव रझाकार हेच होते, आणि जुलै २०२४ मध्ये ढाक्याच्या रस्त्यांवर तोच शब्द पुन्हा, उलट्या अर्थाने, घोषणेत आला.) हैदराबादेत दुसरे राज्य नव्हते. १८ सप्टेंबरपासून सत्ता एकच होती.

आणि नेमक्या याच ठिकाणी 'पोलीस' हा शब्द त्याच्या निर्मात्यांवर उलटतो. सार्वभौमत्वाची अडचण टाळण्यासाठी ज्यांनी तो निवडला, त्यांनी त्यासोबत येणारे कर्तव्यही आपोआप पत्करले होते. सैन्याचे काम शत्रू हरला की संपते. पोलिसांचे काम त्या दिवशी सुरू होते, आणि ते पक्ष पाहत नाही. काल रझाकारांना आश्रय देणाऱ्या घरावर आज जमाव चालून आला तर त्या घराच्या दारात उभे राहणे हेच पोलिसांचे काम. जुनी पोलीस यंत्रणा मोडून पडली होती, किंबहुना मोडण्यात आली होती, तेव्हा नवीन सत्तेने न केलेली गोष्टही केलेल्या गोष्टीइतकीच तिच्या खात्यावर जमा होते. हेतू आणि परिणाम यांतला भेद येथे लागू पडत नाही, कारण प्रश्न अनपेक्षित परिणामाचा नसून स्वतः घेतलेल्या पदाच्या कर्तव्याचा आहे. हस्तक्षेपाला बाहेरून आणलेल्या मापाने मोजण्याची गरज नाही. त्याने स्वतःसाठी निवडलेले नावच पुरेसे माप आहे.

यावरून अत्याचार थांबवणे आणि हक्क राखणे या दोन क्रिया वेगळ्या मानाव्या लागतात. पहिली वेगाने होते, शस्त्राने होते आणि तिला प्रतिपक्ष लागतो. दुसरीला प्रतिपक्ष नसतो. तिचा खरा विषय कालच्या प्रतिपक्षातला माणूसही असतो. एकाच कर्त्याला दोन्ही जमतील असे मानण्याचे कारण नाही, जमणार नाहीत असेही ठामपणे म्हणता येणार नाही. कासीम रझवीवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्याच्यावर सूड घेण्याची इच्छा लाखोंच्या मनात होती, त्याला न्यायालय मिळाले, ही नव्या राज्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे आणि ती दडवण्याचे कारण नाही. उस्मानाबाद-नांदेडच्या त्या हजारोंचा हिशेब मात्र त्याच राज्याने जाहीरपणे मांडला नाही. विशेष हे, की तो मांडण्याची सामग्री त्याने स्वतःच जमवली होती. हस्तक्षेप करणाऱ्या सरकारने तीन महिन्यांच्या आत आपल्याच कृतीची चौकशी करायला माणसे पाठवावीत, हे विसाव्या शतकाच्या इतिहासात विरळा. मग आलेला कागद बंद करून ठेवावा, हे विरळा नाही. हक्करक्षणाची शक्यता आणि तिचा नकार या दोन्ही गोष्टी त्या एका अहवालाच्या चरित्रात सापडतात. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेने 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व मान्य केले. रक्षकाने स्वतःविरुद्धचा पुरावा कोणापुढे ठेवावा, याविषयी त्यात पुरेसे काही नाही, आणि लिबियात २०११ नंतर ही उणीव पुन्हा दिसून आली.

साहित्याच्या अभ्यासकाला यात करण्याजोगे काम आहे ते कथनरूपाचे. सुटकेच्या कथेला एक ठरलेला शेवट असतो: सोडवणारा पोहोचतो, आणि कथा संपते. मुक्तिसंग्रामावरील मराठी लेखन संपन्न आहे. स्वामीजींच्या आठवणी आहेत, अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा १९८७ चा ग्रंथ आहे, संस्थानी सेवेत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींचे आत्मकथन आहे. परंतु या विषयाचे सार्वजनिक स्मरण, शाळेच्या पुस्तकांपासून ध्वजवंदनाच्या भाषणांपर्यंत, १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी थांबते. त्यानंतरच्या आठवड्यांना कथेत जागाच नाही, कारण ती जागा दिली तर 'मुक्ती' हे क्रियापदाचे फळ न राहता एक अपुरी क्रिया होते. गोऱ्या पुरुषांनी तपकिरी स्त्रियांची तपकिरी पुरुषांपासून सुटका करण्याच्या कथेविषयी गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये जे दाखवून दिले, ते येथे वर्णभेदाचा संदर्भ वगळूनही लागू पडते: सुटका झालेल्याचा आवाज सोडवणाऱ्याच्या समर्थनार्थ वापरला जातो, आणि कथेत न बसणाऱ्याला आवाजच उरत नाही. उस्मानाबादच्या मुसलमान विधवेने बोलायचे कोणत्या भाषेत? 'पतना'च्या उर्दू कथेत नवाबांच्या हवेल्या आहेत, ती नाही. 'मुक्ती'च्या मराठी कथेत तिचा नवरा कदाचित रझाकार म्हणून आहे, कदाचित तोही नाही.

१७ सप्टेंबरच्या नावाचा वाद अजून मिटलेला नाही. महाराष्ट्रात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' आहे. केंद्र सरकारने २०२४ पासून तो 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून पाळण्याचे ठरवले, आणि तेलंगण राज्याने २०२२ मध्ये त्याच दिवशी 'राष्ट्रीय एकात्मता दिन' साजरा केला होता. सुंदरलाल मंडळाच्या अहवालात या कोणत्याच नावाखाली न येणारी एक नोंद आहे. अनेक गावांत हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवले. विशेषतः विणकरांच्या वस्त्यांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले. त्या शेजाऱ्यांना कोणी पाठवले नव्हते, त्यांच्या कृतीला कोणतेही सांकेतिक नाव नव्हते, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते.